'डॉक्टर होल' (१९५१): बघणारे नेमके कोणासाठी रडत होते?

मिरजेची_श्वेस्टर
रविवार, रात्री १०.४०

गेली चार वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी मूळची मिरजेची, सध्या दक्षिण जर्मनीत एका वृद्धाश्रमात नर्स आहे. नर्सला इकडे 'श्वेस्टर' म्हणतात, म्हणजे बहीण, म्हणून हे नाव. सिनेमातलं मला फार कळत नाही. पण आज दुपारी जे बघितलं ते डोक्यातून जाईना आणि खोलीवर बोलायला कोणी नाही.

आमच्याकडे रविवारी तीन वाजता कॉफी आणि केक असतो. महिन्यातून एकदा कपबश्या उचलल्या की मोठ्या खोलीत जुना सिनेमा लावतात. आज 'डॉक्टर होल' होता, कृष्णधवल. बावीस जण बसले होते. त्यातले निम्मे एरवी दहा मिनिटांत घोरायला लागतात. आज कोणी घोरलं नाही.

गोष्ट अशी. अंगेलिका ही बड्या उद्योगपतीची मुलगी. आजार असाध्य, दिवस मोजलेले. होल हा तरुण, देखणा, संशोधनात बुडालेला डॉक्टर, आणि त्याचं लग्न हेल्गाशी ठरलेलं. अंगेलिका डॉक्टरच्या प्रेमात पडते. आता मरणाच्या दारातल्या पोरीला नाही कसं म्हणायचं? तर होल हेल्गाच्या संमतीनं अंगेलिकाशी लग्न करतो, तिचे उरलेले दिवस सुखात जावेत म्हणून. हे दयेपोटी झालेलं लग्न आहे हे नवरीला माहीतच नाही. आणि मग त्यानं शोधलेलं औषध लागू पडतं! पोरगी वाचते. आता करायचं काय? दोष कोणाचाच नाही. मग हेल्गा मुकाट्यानं बाजूला होते.

हसू येतंय ना? मलाही येत होतं. हॉस्पिटल इतकं चकचकीत की आख्ख्या सिनेमात कोणी बेडपॅन उचललेलं मला दिसलं नाही. पण अंगेलिका झालेली मारिया शेल पडद्यावर आली की गप्प बसावं लागतं. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकाच वेळी. तिला त्या काळी 'झेएलशन' म्हणायचे, म्हणजे इवलासा जीव. शेवटी खोलीत सगळीकडून नाक शिंकरल्याचे आवाज. पंचाऐंशी, नव्वद वर्षांची माणसं. मी कागदी रुमालांचा डबा घेऊन फिरत होते.

इथवर ठीक होतं. परत येताना ट्राममध्ये नटनट्यांची नावं शोधत बसले, तिथे घात झाला. हेल्गा झालेली हाइडेमारी हाथायर. तिचा दहा वर्षं आधीचा गाजलेला सिनेमा कोणता? 'मी आरोप करतो', १९४१, नाझी काळातला. त्यात ती एका प्राध्यापक-डॉक्टरची बायको आहे, तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होतो, ती मरण मागते आणि नवरा तिला विषाचा डोस देतो. पुढे कोर्टात तो उलट कायद्यावरच आरोप करतो, म्हणून ते नाव. असाध्य रोग्यांना मारून टाकणं ही दयाच आहे, असं लोकांच्या गळी उतरवायला काढलेला सिनेमा.

म्हणजे १९४१ मध्ये 'असाध्य आहे, मरू द्या' असं सांगणारी बाई १९५१ मध्ये 'असाध्य आहे, माझा होणारा नवरा घ्या पण जगू द्या' म्हणतेय. चेहरा तोच. माझ्यासमोर बसलेल्या लोकांनी हे दोन्ही सिनेमे थेटरात बघितले असतील का? आणि ते रडत होते ते अंगेलिकासाठी, की दुसऱ्याच कशासाठी?

फार वाकड्यात शिरतेय का मी? सांगा.


आंबट_गोड
रविवार, रात्री ११.०५

पैला!! धागा मस्त. पण ताई, ही तर आपल्या 'दिल एक मंदिर'ची मावशी झाली की. डॉक्टर, रोगी आणि मध्ये एक बाई. फक्त इथे बाई रोगी आहे.


नाकासमोर
रविवार, रात्री ११.३१

लेख आवडला, निष्कर्ष नाही. नटी पोटासाठी काम करते. १९४१ मध्ये जे मिळालं ते केलं, १९५१ मध्ये जे मिळालं ते केलं. आपल्याकडे निरूपा रॉय आधी देवी व्हायच्या, मग आई व्हायला लागल्या, त्यात कोणी समाजाचा अपराधगंड शोधला का? रडका सिनेमा हा रडका सिनेमा असतो. लोक पैसे देऊन रडायला येतात आणि हलके होऊन घरी जातात. विषय संपला.


जुनी_रिळं
सोमवार, सकाळी ७.१५

विषय संपत नाही, नाकासमोर. उलट श्वेस्टरताईंनी नखानं टोक उकरलंय, खाली बरंच गाडलेलं आहे. चहा घेऊन बसा.

दिग्दर्शक रोल्फ हान्सेन. यांनीच १९४२ मध्ये 'महान प्रेम' केला होता. वैमानिक आणि गायिकेची प्रेमकथा, ऐन युद्धात अडीच कोटींहून जास्त लोकांनी बघितलेली. तिथे प्रेमानं युद्धासाठी थांबायचं होतं, इथे प्रेमानं औषधासाठी थांबायचं. मोजमाप तेच, कापड बदललं. पटकथा टेआ फॉन हार्बू यांची. 'मेट्रोपोलिस' आणि 'एम' लिहिणारी, दिग्दर्शक फ्रिट्झ लांगची एके काळची बायको. लांग देश सोडून गेला, ही राहिली, नाझी पक्षाची सदस्य झाली, युद्धानंतर इंग्रजांच्या छावणीत कैदेत होती. सुटल्यावर बर्लिनमध्ये बाकीच्या बायकांबरोबर विटा आणि राडारोडा उचलला. त्यानंतरचं हे लिखाण.

डॉक्टर झालेला डीटर बोर्शे तेवढा नव्या चेहऱ्यांतला म्हणायला हवा. १९४९च्या 'रात्रपाळी'त तो कॅथलिक पाद्री होता. दोन वर्षांत काळा झगा जाऊन पांढरा कोट आला. प्रेक्षकांना दोन्ही वेळी त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती: हा माणूस आपल्याला समजून घेईल आणि जुनं काही विचारणार नाही.

आता डॉक्टरच का? युद्धानंतरच्या जर्मन सिनेमाची सुरुवातच डॉक्टरपासून आहे. 'खुनी आपल्यातच आहेत', ऑक्टोबर १९४६, बर्लिनच्या पडक्या घरांत चित्रित केलेला. त्यातला सर्जन मेर्टेन्स आघाडीवरून परतलाय, रक्त बघवत नाही, दारू पितो. हा पहिला डॉक्टर. पाच वर्षांत त्याचा होल झाला: इस्त्रीचा कोट, स्थिर हात, स्वच्छ सदसद्विवेक. मेर्टेन्सला झोप लागत नव्हती. होल औषध सापडत नाही म्हणून जागतो. हा फरक लक्षात घ्या.

आणि लोकांनी काय नाकारलं तेही बघा. त्याच १९५१ मध्ये नट पीटर लोरे अमेरिकेतून परत आला आणि त्यानं 'हरवलेला' केला, दिग्दर्शन आणि मुख्य काम दोन्ही. नायक डॉक्टर आणि संशोधकच! नाझी काळात त्यानं स्वतःच्या वाग्दत्त वधूचा खून केलाय, प्रकरण वरून दाबलं गेलंय, आणि आता तो निर्वासितांच्या छावणीत खोट्या नावानं लोकांना लस टोचतोय. सिनेमा साफ पडला. लोरे परत गेला. 'एम'मधला खुनी तो, 'एम' लिहिणारी टेआ. एकाच वर्षी दोघांनी एकेक डॉक्टर आणला, लोकांनी टेआचा निवडला.


आंबट_गोड
सोमवार, सकाळी ७.५०

चहा थंड झाला पण वाचलं. साष्टांग.


स्टेथो
सोमवार, दुपारी २.१०

ओपीडी संपली, आता लिहितो. मी भूलतज्ज्ञ आहे, सिनेमातलं औषध बघून हसायचा मला व्यावसायिक अधिकार आहे. 'सीरम' नावाची कुपी, एक इंजेक्शन, सकाळी गालावर लाली. असो.

मला खटकतं ते वेगळंच. नवं, कोणावर न वापरलेलं औषध डॉक्टर स्वतःच्या बायकोला देतो. लग्न का केलंय हेच तिला खरं सांगितलेलं नाही. म्हणजे संमती कसली घेतली? आता तारखा जुळवा. न्यूरेंबर्गचा डॉक्टरांवरचा खटला डिसेंबर १९४६ मध्ये उभा राहिला. २३ आरोपी, त्यातले २० डॉक्टर. कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवणं, समुद्राचं पाणी पाजणं, मुद्दाम जखमा करून त्या चिघळवणं, असली 'संशोधनं'. ऑगस्ट १९४७च्या निकालात न्यायालयानं माणसांवरच्या प्रयोगांसाठी दहा नियम घालून दिले, त्यातला पहिलाच: माणसाची स्वखुशीची, समजून-उमजून दिलेली संमती. आम्हाला ते 'न्यूरेंबर्ग कोड' म्हणून शिकवतात. निकालाला चार वर्षं होत नाहीत तोच त्याच देशात एक डॉक्टर न विचारता प्रयोग करतो आणि प्रेक्षक रुमाल काढतात.

त्याहून मोठी चीड पुढे. जर्मनीला हे नियम बाहेरून येऊन कोणी शिकवायची गरज नव्हती. १९३० मध्ये ल्युबेक शहरात अडीचशेच्या वर तान्ह्या बाळांना क्षयाची लस दिली, तिच्यात खरे जिवाणू मिसळलेले होते, सत्तरहून जास्त बाळं गेली. त्याच सुमाराला, १९३१ मध्ये, जर्मन सरकारनं नव्या उपचारांसाठी आणि माणसांवरच्या प्रयोगांसाठी लेखी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात संमतीची अट होती. तेव्हाच्या जगात इतकं स्पष्ट कुठेच फारसं नव्हतं. कागद होता. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.


नाकासमोर
सोमवार, दुपारी ३.००

डॉक्टरसाहेब, तुमचं बरोबर आहे, पण हे सगळं १९५१च्या तिकीट काढणाऱ्या बाईच्या डोक्यात होतं का? तिचा नवरा रशियात बेपत्ता, घरात कोळसा नाही. ती दोन तास उबेला येऊन बसली. तिला न्यूरेंबर्ग कोड कुठून माहीत असणार?


स्टेथो
सोमवार, दुपारी ३.२०

तिच्या नसेल. पण तिच्या डॉक्टरला माहीत होतं, आणि ते त्याला विसरायचं होतं. नाझी काळात जर्मन डॉक्टरांपैकी जवळपास निम्मे पक्षाचे सदस्य होते. १९४५ नंतर ते कुठे गेले? कुठेच नाही, दवाखाने उघडून बसले. त्या बाईला पोटात दुखलं की त्यांच्याचकडे जावं लागत होतं. ज्याच्यासमोर ब्लाउजची बटणं सोडायची त्याच्यावर विश्वास तर ठेवायलाच हवा ना. हा सिनेमा तो विश्वास परत बसवून देत होता, एवढंच माझं म्हणणं.


सरितेकाठी
सोमवार, संध्याकाळी ६.४५

सगळे डॉक्टरबद्दल बोलताय, हेल्गाबद्दल कोणीच नाही! ती वैद्यकीतलीच, शहाणी, कामाची बाई. औषध यशस्वी होतं, रोगी बरी होते, डॉक्टरला बायको मिळते. हेल्गाला काय मिळतं? त्यागाचं तेज. क्लोजअपमध्ये.

यातही योगायोग नाही. युद्धानंतर जर्मनीत पुरुषांपेक्षा बायका लाखांनी जास्त होत्या. एक पुरुष आणि दोन बायका ही पटकथेची सोय नव्हती, दर गल्लीतली परिस्थिती होती. कोणीतरी बाजूला व्हायचंच होतं, तर ते निदान मान ताठ ठेवून कसं व्हायचं हे हेल्गा दाखवते. आणि कायदा? पश्चिम जर्मनीत १९५८ पर्यंत नवरा न्यायालयाच्या परवानगीनं बायकोची नोकरी परस्पर सोडायला लावू शकत असे. १९४५ मध्ये विटा उचलायला बाया चालल्या, सहा वर्षांत त्यांना परत घरात बसवायचं होतं.

श्वेस्टर, तू नर्स आहेस म्हणून विचारते, तुला हेल्गा कशी वाटली?


मिरजेची_श्वेस्टर
सोमवार, रात्री ९.५५

ताई, खरं सांगू? चीड आली. अंगेलिकाला उशीवर टेकवणारी तीच, नाडी बघणारी तीच, आणि शेवटी दाराआड उभी राहणारीही तीच. आमच्याकडे शेफआर्त्स्ट, म्हणजे मोठे डॉक्टर, फेरीला येतात तेव्हा आज्या पदर सावरतात तसे केस सावरतात. नंतर रात्री दोन वाजता घंटी वाजवतात ती मात्र माझ्यासाठी. जर्मन भाषेत डॉक्टरांना चिडवायला 'पांढऱ्या कपड्यातले अर्धे देव' म्हणतात. शब्द कुठून आला माहीत नाही, पण होल बघितल्यावर मूर्ती कुठे घडली ते कळलं.

सगळ्यांचे प्रतिसाद सावकाश वाचतेय. उद्या एका आज्जींशी बोलणार आहे, मग लिहिते.


तांबडी_माती
मंगळवार, सकाळी ८.३०

मी बेळगावचा. टेआ फॉन हार्बूचं नाव निघालं आणि तेंडुलकरांचं निघालं नाही म्हणून लॉगिन केलं.

बेळगावजवळच्या बेळगुंदीचे अयी गणपत तेंडुलकर. विसाच्या दशकात शिकायला युरोपात गेले, बर्लिनमध्ये पत्रकारिता केली, जर्मनमध्ये लिहायचे. टेआ त्यांच्याहून वयानं बरीच मोठी. १९३३ मध्ये लांग आणि तिचा घटस्फोट झाला. तेंडुलकर आणि ती एकत्र राहिले आणि पुढे गुपचूप लग्न केलं, कारण नाझी राजवटीत एका नामवंत जर्मन बाईचं हिंदी माणसाशी लग्न उघडपणे होणं शक्य नव्हतं. बर्लिनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांना तिनं खूप मदत केली, घर त्यांच्यासाठी उघडं असायचं. युद्धाच्या तोंडावर तेंडुलकर परत आले, इंग्रजांनी तुरुंगात टाकलं. इकडे त्यांचं इंदुमती गुणाजी यांच्याशी जुळलं. गांधीजींनी दोघांना वर्षानुवर्षं थांबायला लावलं आणि १९४५ मध्ये सेवाग्रामला लग्न लावून दिलं. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी या तिघांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय, जरूर वाचा.

आता सांगा. जिचा माणूस सातासमुद्रापार जाऊन दुसरीशी संसार थाटतो, ती बाई १९५१ मध्ये बाजूला होणारी हेल्गा लिहिते. मला तर अंगावर काटा आला.


आंबट_गोड
मंगळवार, सकाळी ८.४१

थांबा थांबा. म्हणजे या जर्मन रडपटाचा धागा थेट बेळगुंदीला पोचतो?? मिसळ सोडून वाचतोय.


जुनी_रिळं
मंगळवार, सकाळी ९.२०

तांबडी माती, माहितीबद्दल दंडवत. पण काटा जरा आवरा. टेआ त्यागाच्या बायका १९५१ च्या आधीपासून लिहीत होती. लेखिकेच्या आयुष्यातला माणूस आणि कथेतलं पात्र असे समोरासमोर ठेवले की गोष्ट नेहमीच जुळते, म्हणून मी अशा जुळण्यांवर विश्वास ठेवत नाही.

आणि तिला फार हळवी करू नका. हिंदी विद्यार्थ्यांना घरी जेवू घालणारी आणि नाझी पक्षाचं सदस्यपत्र बाळगणारी बाई एकच होती. आपल्या माणसाशी ती चांगली वागली म्हणून आपण दुसरं पान उलटायचं नाही, हे बरं नाही.


तांबडी_माती
मंगळवार, सकाळी ९.४५

पान उलटलंच होतं, तुम्ही आधी लिहून टाकलंत म्हणून पुन्हा लिहिलं नाही. बेळगावात आम्ही तिच्याकडे 'आमच्या तेंडुलकरांची जर्मन बायको' म्हणून बघतो हे खरं. पण माझा मुद्दा तिला निर्दोष ठरवायचा नाही. हा सिनेमा फक्त 'त्यांचा' नाही, एवढाच. शेवटही सांगून ठेवतो. १९५४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात तिचा लांगबरोबरचा जुना मूकपट 'थकलेला मृत्यू' दाखवला. तो बघून बाहेर पडताना ती पडली आणि काही दिवसांत, १ जुलैला, गेली. यात मी काही जुळवलेलं नाही, जसं घडलं तसं.


नाकासमोर
मंगळवार, दुपारी १.१५

एक कबूल करतो. काल रात्री 'मी आरोप करतो'बद्दल वाचलं. बर्लिनला प्रदर्शित झाला २९ ऑगस्ट १९४१ ला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला म्युन्स्टरच्या बिशपनं चर्चमध्ये उभं राहून जाहीर सांगितलं होतं की मनोरुग्णालयांतल्या रोग्यांना मारलं जातंय. २४ तारखेला हिटलरनं ते काम थांबवायचा तोंडी हुकूम दिला, आणि पाच दिवसांनी हा सिनेमा लागला. विषारी वायूनं मारणं थांबलं तरी उपाशी ठेवून आणि इंजेक्शनं देऊन मारणं पुढेही चालू होतंच. दिग्दर्शक लीबेनआइनर. युद्धानंतर त्याचं काय झालं म्हणून बघितलं तर १९५६ मध्ये 'फॉन ट्राप कुटुंब' काढून तो पुन्हा गाजलेला! गाणारी गोड मुलं. हाथायरवर निदान काही वर्षं कामबंदी तरी होती.

तरी नटीबद्दलचं माझं मत कायम आहे. पण निरूपा रॉयची उपमा मागे घेतो.


जुनी_रिळं
मंगळवार, दुपारी १.४०

मोठ्या मनाचे आहात.

थोडी भर घालतो. होलच्या दोनच महिने आधी, जानेवारी १९५१ मध्ये, 'पापिणी' आला होता. हिल्डेगार्ड क्नेफ वेश्या, प्रियकर चित्रकार, त्याला मेंदूची गाठ. शेवटी ती त्याला झोपेच्या गोळ्यांनी मारते आणि स्वतःही मरते. चर्चनं रान उठवलं, थेटरांत दुर्गंधीचे बॉम्ब फुटले, मिरवणुका निघाल्या. बोभाटा झाला तो क्नेफच्या काही सेकंदांच्या नग्न दृश्याचा. पण असाध्य रोग्याला प्रेमानं मारणं, हा विषय दहा वर्षांत पुन्हा पडद्यावर आला होता, आणि ते अनेकांना झोंबलं ते त्यामुळेही. मग मार्चमध्ये होल येतो आणि सगळं धुऊन टाकतो: रोगी जगते, कोणी कोणाला मारत नाही, अंगभर कपडे आहेत.

त्यानंतर हा कारखानाच सुरू झाला. हान्सेननंच बोर्शेला घेऊन 'मोठा मोह', त्यात पदवी पुरी न करताच डॉक्टरकी करणारा नायक. मग १९५४ मध्ये शस्त्रवैद्य झाउअरब्रुखच्या आठवणींवर सिनेमा, दिग्दर्शक पुन्हा हान्सेन, हाथायर पुन्हा हजर. बापासारखा मायाळू, तिरसट, महान डॉक्टर. नाझी काळात तो कोणत्या समित्यांवर बसून कशाला मंजुरी देत होता, ते पडद्यावर नाही. १९५८ मध्ये 'स्टालिनग्राडचा डॉक्टर', तिथे तर रशियन कैदेतला जर्मन डॉक्टर थेट संतच. पुढे हे सगळं स्वस्त कादंबऱ्यांत गेलं आणि तिथून टीव्हीवर.


मिरजेची_श्वेस्टर
मंगळवार, रात्री ११.२०

उशीर झाला, आत्ता ड्यूटी संपली. आज आज्जींशी बोलले. त्यांचं नाव-गाव लिहीत नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, श्वाबियन डोंगरातल्या एका खेड्यातल्या. आंघोळ घालताना माणसं बोलतात, हा माझा अनुभव आहे, म्हणून तेव्हाच विचारलं.

'मी आरोप करतो' त्यांनी बघितलेला नाही, तेव्हा चार वर्षांच्या होत्या. 'होल' मात्र १९५१ मध्येच बघितला, चौदाव्या वर्षी, आईबरोबर, बसनं तालुक्याच्या गावी जाऊन. मारिया शेलसारखे केस विंचरायचा प्रयत्न केला होता म्हणाल्या. मी विचारलं, रडलात? म्हणाल्या, मी रडले, सगळं थेटर रडत होतं. आई नाही रडली.

मी पाठीला साबण लावत होते. मग त्याच बोलल्या. आईची एक धाकटी बहीण होती, तिला फेफरं यायचं. एका संस्थेत ठेवली होती. आई महिन्यातून एकदा भेटायला जायची. १९४० मध्ये एकदा गेली तर पलंग रिकामा. राखाडी रंगाच्या बसमधून दुसरीकडे हलवलंय म्हणाले. काही आठवड्यांनी पत्र आलं, न्यूमोनियानं गेली, साथीच्या भीतीनं दहन केलंय, राख हवी असल्यास कळवावे. आज्जी म्हणाल्या, गावात असली आणखी दोन घरं होती. सगळ्यांना माहीत होतं. बस आली की पोरांना आत बोलवायचे.

सिनेमा संपला, दिवे लागले, बाया रुमाल पिशवीत ठेवत होत्या. आई बाकावरून उठली नाही. आणि म्हणाली, "एवढं सगळं, एका मुलीसाठी."

बस्स. परतीच्या वाटेवर पुढे काही बोलली नाही. आज्जींना तेव्हा वाटलं आईला सिनेमा महाग पडला म्हणून म्हणतेय.


सरितेकाठी
मंगळवार, रात्री ११.४८

...


स्टेथो
बुधवार, सकाळी ६.३०

रात्री वाचलं, लगेच लिहिता आलं नाही.

तुम्ही आहात त्या भागात ग्राफेनएक नावाचा डोंगरावरचा वाडा आहे. १९४० च्या एका वर्षात तिथे १०,६५४ माणसांना वायूनं मारलं. संपूर्ण देशात अशी सहा ठिकाणं होती, १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सत्तर हजारांवर माणसं. न्यूमोनियाची ती पत्रं छापील नमुन्यावर काढलेली असत. खोट्या सह्या डॉक्टरांच्याच. आता तिथे स्मारक आहे. मी दोन वर्षांपूर्वी परिषदेला आलो होतो तेव्हा एक दिवस काढून गेलो होतो. आवारात शांतता फार आहे.

फेफरं. माझ्या धाकट्या भावाला आहे. गोळ्या घेतो, बँकेत नोकरी करतो.


नाकासमोर
बुधवार, सकाळी ८.०५

श्वेस्टरताई, पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, रडणारे कोणासाठी रडत होते. मी 'विषय संपला' म्हणालो होतो. तो शब्द मागे घेतो. बाकी माझ्याकडे लिहायला काही नाही.


जुनी_रिळं
बुधवार, सकाळी ९.१०

मी या सिनेमावर पंधरा वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात लेख लिहिला होता, त्यात प्रकाशयोजनेवर दोन पानं होती. आज काढून वाचला. न रडणाऱ्या प्रेक्षकाचा विचार त्यात कुठेही नाही.


तांबडी_माती
बुधवार, सकाळी १०.३०

आज्जींना बेळगावकरांचा नमस्कार सांगा. टेआचं लग्न इकडच्या माणसाशी झालं होतं हे त्यांना सांगितलंत का?


मिरजेची_श्वेस्टर
बुधवार, रात्री १०.१०

सांगितलं! खूप हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडच्या माणसांना आमच्याकडच्या भानगडी आमच्याआधी माहीत." मग विचारलं, तो दिसायला कसा होता? माझ्याकडे फोटो नव्हता, तांबडी माती, असेल तर टाका.

ग्राफेनएक इथून फार लांब नाही. आज्जी कधी गेलेल्या नाहीत, आईही कधी गेली नाही. घेऊन जाऊ का विचारलं, तर "बघू, उन्हाळ्यात" म्हणाल्या. गुडघ्यांचं निमित्त आहे. मी जोर केला नाही.

पुढच्या महिन्याचा सिनेमा निवडायचं काम आता माझ्याकडे आलंय. मी जुनी रिळं यांच्या यादीतला १९४६चा तो दारुड्या सर्जनचा सुचवला होता. बहुमतानं हाणून पाडला. सगळ्यांना 'श्वार्त्सवाल्ड-क्लीनिक' मालिकेचा १९८५चा पहिला भाग हवाय, तो प्रोफेसर ब्रिंकमानवाला. ते बाहेरून दिसणारं हॉस्पिटल ग्लोटरटालमध्ये खरंच आहे, आतलं सगळं हाम्बुर्गच्या स्टुडिओतलं, हे मी सांगितलं तर दोघी जणी रागावल्या. आज्जींनीही हात वर केला होता.

कागदी रुमाल मागवून ठेवलेत.